एक पाणी, दोन बुड्या

कुंभकोणमच्या महामहम कुंडात स्नानाची पर्वणी बारा वर्षांनी एकदा येते. गुरू सिंह राशीत असतो, माघातला पूर्ण चंद्र मघा नक्षत्रात असतो आणि भारतातल्या साऱ्या पुण्यनद्या या एका कुंडात उतरल्या आहेत या श्रद्धेने लाखो माणसे पायऱ्या उतरतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाशी या योगाचे जवळचे नाते आहे: तोच गुरू, तीच रास. मागची पर्वणी २०१६ च्या फेब्रुवारीत होऊन गेली. एरवी कुंडाची सकाळ निवांत असते. तंजावरच्या नायक राजांचे मंत्री गोविंद दीक्षितर यांनी काठाने बांधवलेले सोळा मंडप एकेक करून उजळतात, त्यांची शिखरे पाण्यात उलटी उतरतात आणि पर्वणीची वाट न पाहता रोज स्नान करणारा एक काळा यात्रेकरू आपली पहिली बुडी मारतो.

हा छोटा पाणकावळा. इथले लोक पाणकावळ्याला नीर्काकम् म्हणतात. त्याच्यासाठी कोणी पायरीवर थबकत नाही. बगळ्याचा शुभ्रपणा त्याच्याकडे नाही आणि खंड्याची निळी झळाळीही नाही. पाण्यावर तो बदकासारखा तरंगत नाही. अंग पाण्याखाली ठेवून नुसती मान वर काढतो. मग एक हलकीशी उसळी घेतो, की तिथे फक्त एक वर्तुळ उरते. ते वर्तुळ पसरत पायरीपर्यंत येते, विरते, आणि आपण जिथे डोळे लावून बसलेलो असतो त्याच्या भलतीकडेच तो वर येतो. चोचीत आडवा मासा असतो. तो एकदा वर उडवून डोक्याच्या बाजूने झेलायचा, म्हणजे कल्ले आणि काटे मागे मिटतात आणि घास सरळ आत जातो. सगळा व्यवहार दोन-तीन क्षणांचा. पुन्हा वर्तुळ.

प्रलयाच्या पाण्यावर ब्रह्मदेवाचा अमृतकुंभ तरंगत इथवर आला, किराताच्या वेषातल्या शंकराने बाण मारून तो फोडला आणि सांडलेले अमृत साचले ते हे कुंड, अशी इथली कथा आहे. कथेतले अमृत कोणी पाहिलेले नाही. पण पाण्याच्या पोटात काहीतरी जिवंत, चमकते, धरू गेल्यास निसटणारे आहे आणि ते मिळवायचे तर काठ सोडून आत शिरावे लागते, हे या पक्ष्याच्या प्रत्येक बुडीत दिसते. त्याच्याकडे पाहताना हात आपोआप जोडले जातात, ते त्या आत शिरण्याला.

कुंभकोणम दोन नद्यांच्या मधले गाव आहे. उत्तरेला कावेरी, दक्षिणेला अरसलार. कावेरीच्या पडित्तुरैवर, म्हणजे घाटावर, पाणी असेल त्या दिवसांत हाच छोटा पाणकावळा एकट्याने फिरताना दिसतो. भातखाचरांच्या चरीत, कालव्याच्या कडेला, गावातल्या लहानसहान तळ्यांत, सगळीकडे तोच. पण गावापासून ईशान्येला अणैक्करैकडे जावे. तिथे अभियंता आर्थर कॉटनच्या योजनेतून १८३६ मध्ये बांधलेल्या खालच्या बंधाऱ्याने कोळ्ळिडम नदीचे रुंद पाणी अडवले आहे. अशा मोठ्या पाण्यावर काळ्या पक्ष्यांची एक लांब रांग उतरलेली दिसते. दुरून वाटते, तेच आपले ओळखीचे, फक्त संख्येने जास्त. नीट पाहिले तर त्यातले बरेचसे वेगळेच निघतात. हा भारतीय पाणकावळा.

नीट पाहण्याचा छंद या मुलखाला नवा नाही, आणि त्यात मराठी माणसाचाही वाटा आहे. व्यंकोजी भोसल्यांनी सतराव्या शतकात तंजावरची गादी घेतली, त्यानंतर कावेरीच्या काठाने मराठी घरे रुजली. पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये याच कुंभकोणममधल्या मराठी कुटुंबात झाला. १७९८ ते १८३२ या काळात तंजावरला राज्य केलेल्या दुसऱ्या सरफोजींनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले आणि आपल्या चित्रकारांकडून पशुपक्ष्यांची चित्रेही काढवून घेतली. पक्ष्याचे चित्र काढायचे तर चोच किती लांब, डोळा कुठल्या रंगाचा, शेपटी कुठे संपते हे ठरवावेच लागते. पाणकावळ्यांपुढे उभे राहताना आपणही तेवढेच करायचे.

छोटा पाणकावळा चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे ५० सेंटिमीटर, भारतीय सुमारे ६५. वजनात फरक आणखी मोठा: छोटा साधारण अर्ध्या किलोच्या आत-बाहेर, भारतीय त्याहून बराच जड. पण पाण्यावर एकटा बसलेला पक्षी आपले माप सांगत नाही. म्हणून डोक्याकडे पाहावे. छोट्याचे कपाळ चोचीवरून एकदम उभे चढते, चोच आखूड आणि जाडसर, मान आटोपशीर. त्यामुळे चेहऱ्यावर एक बालिश, काहीसा हट्टी भाव येतो. भारतीयाचे डोके निमुळते, मान सडपातळ, चोच लांब, बारीक आणि टोकाशी आकड्यासारखी वळलेली. त्याचा डोळा निळसर हिरवा असतो. एरवी काळ्याकरड्या वाटणाऱ्या या पक्ष्याने आपली सगळी श्रीमंती त्या एका ठिपक्यात ठेवली आहे. ऊन योग्य बाजूने पडले तर दुर्बिणीतून तो ठिपका पाचूच्या खड्यासारखा पेटतो. विणीच्या काळाबाहेर त्याच्या गळ्याखालची कातडी पिवळी दिसते, छोट्याचा गळा तेव्हा पांढुरका असतो. भारतीयाच्या पाठीवरच्या पिसांना काळ्या कडा असतात, आत कांस्याची झाक असते, त्यामुळे पाठ खवलेदार वाटते.

विणीचा काळ आला, की दोघांचेही रूप पालटते. छोटा आपली धूसरता टाकून तुकतुकीत काळा होतो आणि त्याच्या डोक्याच्या बाजूंना बारीक पांढरी पिसे उगवतात. भारतीयाच्या डोळ्यामागे, कानाच्या जागी, एक पांढरा झुपका येतो आणि मानेवर पांढऱ्या रेघा उमटतात. काही आठवड्यांचा हा शृंगार. पिले मोठी होईतो तो गळून जातो.

रूपातले फरक एकदा डोळ्यांत बसले, की वागण्यातले फरक दिसू लागतात, आणि खरी गोष्ट तिथे सुरू होते. छोटा पाणकावळा काठाचा पक्षी आहे. श्रीलंकेत झालेल्या एका अभ्यासात तो मुख्यतः मीटरभराहून कमी खोलीच्या पाण्यात, किनाऱ्याजवळच मासेमारी करतो असे दिसून आले. बोटभर मासे, बेडूकमासे, झिंगे यांवर त्याचे भागते. तो एकटा किंवा सैलसर घोळक्यात फिरतो, शेजाऱ्याच्या बुडीशी आपली बुडी जुळवत बसत नाही. माणसांच्या वर्दळीचीही त्याला फारशी भीती नाही. म्हणून देवळाच्या कुंडात, जिथे पायऱ्यांवर धुणे चालले आहे आणि फुलांचे निर्माल्य तरंगते आहे, तिथेही त्याचे पोट भरते.

भारतीय पाणकावळ्याला ऐसपैस पाणी लागते: मोठी तळी, धरणांचे जलाशय, रुंद नद्या, समुद्राजवळच्या खाड्या. आणि त्याला सोबत लागते. थवा पाण्यावर उतरतो, आडवी फळी धरतो आणि एका दिशेने पुढे सरकू लागतो. पुढचे बुडतात, मागचे उडून त्यांच्या पुढे जाऊन पडतात, तोवर बुडलेले वर येतात. पाणी उकळी फुटल्यासारखे होते. पुढे पळणारा माशांचा कळप दाट होत जातो आणि एकट्याला जे जमले नसते ते सगळ्यांना मिळून जमते. या धांदलीचा फायदा घ्यायला बगळे काठाने धावतात, वरून सुरय झेपावतात. मोठ्या जलाशयावर कधीकधी छोटे पाणकावळेही या गर्दीत सामील होतात. निसर्गात रेषा आखलेल्या असतात, पण कुंपणे नसतात.

एकाच पाण्यावर, एकाच रंगाचे, एकाच धंद्याचे दोन पक्षी वर्षानुवर्षे कसे नांदतात, याचे उत्तर इथे आहे. एकाने काठ घेतला, दुसऱ्याने मध्य. एकाने एकांत घेतला, दुसऱ्याने संगत. चोचीच्या जाडीत, मानेच्या लांबीत जो फरक आपण पक्षी ओळखण्यापुरता वापरतो, तो त्यांच्या लेखी उपजीविकेचा फरक आहे. निसर्गाने त्यांना समजूतदारपणा शिकवला असे म्हणणे भाबडे होईल. लाखो वर्षांच्या भुकेने आणि स्पर्धेने ही वाटणी घडवली आहे. पण वाटणी घडून आल्यावर तिच्यातून जे दिसते त्याला सौहार्द हाच शब्द सुचतो. दोघे एका वाळक्या फांदीवर शेजारी बसतात, आणि कोणाला कोणाची अडचण नसते.

शेजारी बसलेले पाहून आपण त्यांना सख्खे भाऊ समजतो. शास्त्र वेगळे सांगते. एकेकाळी हे दोघेही एकाच गोतात गणले जात, नंतर जनुकांच्या अभ्यासाने त्यांची घरे वेगळी केली. छोटा पाणकावळा मायक्रोकार्बो या गोतातला. जगात त्याचे असे आणखी फक्त चार भाऊबंद आहेत, आणि ते आफ्रिका, युरोप-पश्चिम आशिया व ऑस्ट्रेलियाच्या बाजूला पसरले आहेत. भारतीय पाणकावळा फॅलाक्रोकोरॅक्स गोतातला, म्हणजे दिसायला दणकट अशा मोठ्या पाणकावळ्याचा जवळचा नातेवाईक. या दोन शाखा एक कोटीहून अधिक वर्षांपूर्वी फुटल्या. तेव्हा माणूस नव्हता, कुंभकोणम नव्हते, कुंभाची कथा सांगायला कोणी नव्हते. इतक्या दुरून चालत आलेले दोन वंश एका फांदीवर, वीतभर अंतरावर येऊन टेकतात.

एक वारसा मात्र दोघांनी जसाच्या तसा जपला आहे: भिजण्याचा. बदकाच्या पिसांवरून पाणी ओघळून जाते. पाणकावळ्याच्या पिसांची बाहेरची कड पाणी धरते आणि आतला भाग कोरडा राहून कातडीलगत हवेचा एक पातळ थर सांभाळतो. त्यामुळे अंग जड होते, पाणी त्याला वर ढकलत नाही, आणि माशाच्या मागे आत जाणे सोपे होते. पायाची चारही बोटे एकाच पडद्याने जोडलेली असतात, त्या पायांच्या रेट्याने तो पाण्याखाली पोहतो. पूर्ण वाढलेल्या पक्ष्याच्या नाकपुड्या बाहेरून बंद असतात. श्वास तो तोंडाने घेतो. जमिनीवर हे सगळे शरीर गैरसोयीचे आहे. चालताना तो फेंगडा दिसतो, उडताना आधी बराच वेळ पाण्यावर पाय आपटत धावतो. पण पाण्याखालच्या त्या काही सेकंदांसाठी त्याने जमिनीवरची आणि हवेतली ऐट सोडून दिली आहे.

भिजण्याची किंमत तो नंतर चुकवतो. बुड्या आटोपल्या, की खांबावर, खडकावर, मंडपाच्या कडेवर चढतो आणि पंख पूर्ण उघडून उभा राहतो. स्नान करून आलेली माणसे ओली वेष्टी, म्हणजे धोतर, दोन हातांनी वाऱ्यावर धरून उभी राहतात, तसा. हे आसन ध्यानाचे, सूर्योपासनेचे वाटते. पाहणाऱ्याला तसे वाटू द्यायला हरकत नाही. पण श्रीलंकेतल्या अभ्यासकांनी छोट्या पाणकावळ्याचा हा वेळ मोजला, तेव्हा एक साधा हिशोब हाती आला. पाण्यात जितका जास्त वेळ गेला तितके पंख जास्त वेळ उघडे, आणि हवा गरम व कोरडी असेल तर तो वेळ कमी. पंख वाळवणे, एवढाच त्या आसनाचा अर्थ. मला हा हिशोब कळल्यावर त्या आसनाविषयीचा आदर वाढला. जेवढे भिजलास तेवढे उन्हात उभे राहा, असा नियम असलेला जीव खोटा वाटत नाही.

डिसेंबरात कुंभकोणमच्या आसपासचा सारा त्रिभुज प्रदेश पाण्याने फुगलेला असतो. महाराष्ट्रात पाऊस कधीच सरून थंडी पडलेली असते. इथे ईशान्य मोसमी पाऊस आत्ता कुठे ओसरत असतो. सांबा हंगामाचे भात पोटरीत येते, चरी आणि तळी तुडुंब होतात. उत्तर भारतात छोटा पाणकावळा जुलै ते सप्टेंबरात वीण घालतो, दक्षिणेत मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. पंचांग एकच, पण पक्षी आपल्या पाण्याचे पंचांग पाळतात. तळ्यात उभ्या असलेल्या बाभळींवर तेव्हा वस्त्या भरतात. तिरुवारूर जिल्ह्यातला वडुवूरचा तलाव १९९९ पासून अभयारण्य आहे. २०२२ मध्ये वडुवूर आणि उदयमार्तंडपुरम ही दोन्ही रामसर स्थळे झाली, आणि अरियलूर जिल्ह्यातले करैवेट्टी २०२४ मध्ये.

वस्ती म्हणजे कोलाहल. बगळे, वंचक, चित्रबलाक, तिरंदाज, आणि त्यांच्यात आपले दोघे पाणकावळे. काटक्यांची घरटी, खाली पांढरी झालेली पाने, माशांचा आणि विष्ठेचा उग्र वास. नर-मादी दोघेही घरटे बांधतात. छोट्याच्या घरट्यात तीन ते पाच निळसर हिरवी अंडी असतात, त्यांवर खडूसारखा लेप असतो. पहिले अंडे घातले की उबवणे सुरू होते, म्हणून पिलेही मागे-पुढे जन्मतात; एकाच घरट्यात थोरले आणि धाकटे स्पष्ट कळून येतात. पिले जन्मताना उघडी आणि आंधळी असतात. भूक लागली की ती आईबापाच्या उघड्या घशात डोके खुपसून घास काढून घेतात. पाहायला हे फार सुंदर दृश्य नव्हे. पण ज्या घशाने मासा गिळला त्याच घशातून तो परत द्यायचा, ही देवघेव पाहिल्यावर सौंदर्याची आपली व्याख्या थोडी सैल करावीशी वाटते.

ही तळी निसर्गाने दिलेली नाहीत. वडुवूर हा सिंचनाचा तलाव आहे, करैवेट्टीही तसाच. करिकाल चोळाच्या नावाने ओळखला जाणारा कल्लणै बंधारा, कॉटनच्या काळातले बंधारे, १९३४ मध्ये पुरे झालेले मेट्टूर धरण आणि त्यांच्यातून फुटलेले असंख्य कालवे, यांवर इथले पाणी चालते. साठा पुरेसा असेल त्या वर्षी १२ जूनला मेट्टूरचे दरवाजे उघडतात आणि काही दिवसांनी कुंभकोणमच्या कोरड्या कावेरीत पाणी येते. त्याआधीच्या उन्हाळ्यात नदीचे पात्र म्हणजे तापलेली वाळू असते. पक्षी तेव्हा शिल्लक डबक्यांकडे आणि दूरच्या जलाशयांकडे पांगलेले असतात. माणसाने भातासाठी पाणी अडवले आणि त्या पाण्याने पाणकावळ्याचे दोन्ही वंश पोसले. उलटही घडते. चेंगलपट्टूजवळच्या वेडंतांगलच्या शेतकऱ्यांना पक्ष्यांच्या विष्ठेने तळ्याचे पाणी सुपीक होते हे जुन्या काळापासून ठाऊक होते. सैनिक पक्षी मारतात अशी तक्रार त्यांनी केली आणि अठराव्या शतकाच्या शेवटी कलेक्टर लायनेल प्लेस यांच्याकडून रक्षणाचा लेखी हुकूम मिळवला. भक्ती आणि हिशोब यांचे तिथे भांडण नव्हते.

आज या दोन्ही पाणकावळ्यांच्या जाती धोक्यात नाहीत, आणि ही समाधानाची गोष्ट आहे. धोका आहे तो त्यांच्यातल्या वाटणीला. तळ्याच्या सुशोभीकरणात काठ उभ्या भिंतीने बांधला की उतरती उथळ कड नाहीशी होते, आणि छोट्याचे पाणी जाते. गाळ साचू दिला, पाणवनस्पतींनी पृष्ठभाग झाकू दिला, की मधली खोली जाते, आणि भारतीयाचे पाणी जाते. तळ्यातल्या बाभळी तोडल्या की दोघांचेही घर जाते. पाणी तेवढेच दिसते, नकाशावर तळ्याचे नाव तेच राहते, पण त्यातली विविधता, जिच्यामुळे दोन भुका एका ठिकाणी शमत होत्या, ती संपलेली असते.

२०२७ मध्ये नाशिकला सिंहस्थ आहे आणि २०२८ मध्ये कुंभकोणमला महामहम. दोन्ही गावांत पाण्याची चर्चा होईल, घाट दुरुस्त होतील, यात्रेची आखणी होईल. छोटा आणि भारतीय, हे दोघेही पाणकावळे महाराष्ट्रातही आहेत. आपल्या धरणांवर आणि गावतळ्यांवर ते दिसतात, आणि आपण दोघांनाही एकाच नावाने हाक मारून पुढे जातो. यापुढे जरा थांबून चोच आणि कपाळ पाहून घ्यावे. छोटा दिसला तर समजावे, काठ अजून उथळ आणि जिवंत आहे. भारतीयांचा थवा दिसला तर समजावे, मधली खोली अजून शाबूत आहे. दोघेही दिसले तर त्या पाण्याला मनापासून नमस्कार करावा, आणि तळ्याच्या कामाची पुढची बैठक भरेल तेव्हा तिथे जाऊन सांगावे, की गाळ जरूर काढा, पण काठाचा उतार राहू द्या आणि बाभळींना हात लावू नका.